तिर्त्सा : नाव ठरवण्याचे बारा दिवस

आमच्याकडे मुलगा झाला की नाव ठरवायला आठच दिवस मिळतात. आठव्या दिवशी मिला, म्हणजे सुंता होते आणि तेव्हाच बाळाचं नाव मोठ्याने घेतलं जातं. मुलगी झाली तर बारशापर्यंत वेळ असतो. माझी लेक ५ जुलै २०२३ ला, बुधवारी पहाटे, पनवेलला माझ्या माहेरी जन्मली. बारसं रविवारी, १६ तारखेला. मधले सगळे दिवस बाहेर पाऊस आणि घरात नावं.

आम्ही बेने इस्रायली ज्यू. घरात मराठी, प्रार्थनेत हिब्रू. आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, ही गोष्ट आम्हाला पाळण्यातच ऐकवली जाते. कोकणात आम्ही तेल गाळलं, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून गावाने ‘शनिवार तेली’ म्हटलं, आणि गावांवरून दिवेकर, केहिमकर, नवगावकर, पेणकर अशी आडनावं लागली. नावंही तशीच कोकणी झाली. शमुवेलचा सामाजी, अब्राहामचा अबाजी, बिन्यामीनचा बन्नाजी, यहेज्केलचा हसाजी. मुंबईत मशीद बंदराजवळ १७९६ साली आमचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, ज्यांनी बांधलं, ते सॅम्युएल इझिकेल दिवेकर त्या काळी सामाजी हसाजी म्हणूनच ओळखले जात.

माझ्या सासऱ्यांकडे वंशावळीची एक वही आहे. लांब, लाल कापडी पुठ्ठ्याची. बाळंतपणाला माहेरी येण्याआधी मी ती पूर्ण वाचून काढली. पुरुषांची नावं वर जाता जाता शेवटी ‘जी’ लावून येतात, पण मूळ हिब्रू नाव आतून दिसत राहतं. बायकांच्या बाबतीत तसं नाही. तीन पिढ्यांवर गेलं की सखूबाई, सोनाबाई, लाडीबाई. आणि काही ठिकाणी नावच नाही, नुसतं ‘यांची बायको’, ‘यांच्या दोन मुली’. त्या दोन मुली कोण होत्या हे आता कुणालाच सांगता येत नाही. सखू आणि सोना ही नावं मला परकी वाटत नाहीत, ती आमचीच आहेत. पण ती रिकामी जागा मनात बसली. मुलगी झाली तर तिचं नाव असं ठेवायचं की ते कुणाला वगळता येऊ नये, एवढं मी तेव्हाच ठरवलं होतं.

पहिला फोन माझ्या नणंदेचा आला, इस्रायलमधल्या अश्दोदहून. लग्न होऊन तिकडे गेल्याला तिला चौदा वर्षं झाली. आमच्या समाजात आत्याचा मान मोठा. नाव तीच कानात सांगणार, त्यामुळे तिचा शब्द पहिला. ती म्हणाली, “नोआ ठेव. गोड आहे, छोटं आहे, बायबलातलं आहे.”

नोआ खरंच गोड आहे. इस्रायलमध्ये दरवर्षी नव्याच्या सणाच्या सुमारास, म्हणजे रोश हशानाला, सरकारतर्फे नावांची यादी येते. नोआ तिथे कित्येक वर्षं मुलींच्या यादीत सगळ्यात वर होतं. अलीकडे तामार, अविगायिल, माया यांनी जागा घेतली, तरी ते फार खाली गेलेलं नाही. मूळ धातू हलणं, चालणं असा. म्हणजे ‘हालचाल’, ‘गती’. आजच्या हिब्रू आईबापांना अशी दोन अक्षरांची, हलकी, कुठल्याही देशात उच्चारता येणारी नावं आवडतात, असं नणंद सांगते. तिच्या मुलीच्या वर्गात तीन नोआ आहेत. बाई हाक मारतात तेव्हा आडनावाचं पहिलं अक्षर जोडतात.

अडचण निघाली ती इंग्रजी स्पेलिंगची. जलप्रलयातला नोहा आणि ही नोआ हिब्रूत दोन वेगळी नावं आहेत. त्याचं नाव नोआख, ‘विसावा’ या अर्थाचं, शेवटी खेत हे अक्षर. हिच्या नावात मध्ये आयिन हे अक्षर. एकाचा अर्थ थांबणं, दुसरीचा चालणं, जवळजवळ उलटे अर्थ. पण इंग्रजी बायबलात दोघांचं स्पेलिंग एकच होतं, आणि अमेरिकेत तर २०१३ ते २०१६ अशी सलग चार वर्षं ते मुलग्यांचं सगळ्यात आवडतं नाव होतं. पासपोर्टवर मुलीचं नाव बघून समोरचा दर वेळी विचारणार, मुलगा का? शेवटचा एच गाळून लिहिता येतं, तसं बरेच जण लिहितात. तरी माझं मन अडलं.

सासूबाईंना ‘माया’ हवं होतं. त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. तिकडे लोकप्रिय, इकडे कुणाला समजावून सांगायला नको. हिब्रू बोलणारे त्याचा संबंध मायिमशी, म्हणजे पाण्याशी जोडतात. आपल्याकडे आजीची माया, आईची माया. दोन्ही भाषांत ओलावा असलेलं दुसरं नाव मला माहीत नाही. फक्त ते तोरातलं, म्हणजे आमच्या धर्मग्रंथातलं, नाव नव्हे, आणि मला त्या वहीच्या वरच्या टोकापर्यंत पोचणारं नाव हवं होतं. सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “मग शोध. पण रविवारच्या आत शोध.”

चौथा दिवस शब्बाथचा, म्हणजे आमच्या विसाव्याच्या शनिवारचा. बाबा सिनेगॉगमध्ये गेले. पनवेलचं आमचं बेथ एल घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आई माझ्यापाशी थांबली. बाळ झोपलं होतं. त्या आठवड्याचा तोराचा भाग होता पिन्हास, गणनेच्या पुस्तकातला. घरी मराठी बायबल आहे, त्यात मी तोच भाग उघडला, आणि सत्ताविसाव्या अध्यायाला पोचल्यावर आईला मोठ्याने वाचून दाखवायला लागले.

सलाफहाद नावाचा एक माणूस, मनश्शेच्या वंशातला. वाळवंटात मेला. मुलगा नाही, पाच मुली. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. देशाची वाटणी होणार होती आणि वाटणी पुरुषांच्या मोजणीवर. तेव्हा या पाच जणी सभामंडपाच्या दारात मोशेसमोर, याजकासमोर, सगळ्या सरदारांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचं नाव कुळातून का पुसलं जावं? त्याच्या भावांबरोबर आम्हालाही वतन द्या. मोशेकडे उत्तर नव्हतं. त्याने देवाला विचारलं. देवाने सांगितलं, या मुली बरोबर बोलताहेत.

मी वाचत होते आणि आई रडत होती. आवाज न करता, दुपट्याच्या घड्या घालता घालता.

माझ्या आईलाही भाऊ नव्हता. तिघी बहिणी. अलिबागकडे माझ्या आजोबांची तीस गुंठ्यांची वाडी होती, नारळ आणि सुपारी, विहिरीला रहाट. आजोबा गेले तेव्हा नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी तिघींसमोर हक्कसोडपत्र ठेवलं. मुली लग्न होऊन गेल्या, वाडी नावात राहायला हवी, सही करा. ज्यूंना हिंदू वारसा कायदा लागत नाही, १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो, आणि त्यात मुलगा आणि मुलगी यांच्या वाट्यात फरकच नाही. हे तिघींना तेव्हा ठाऊक नव्हतं. एवढंच कळत होतं की सही करायची नाही. धाकट्या मावशीने कागद घडी करून परत दिला. पुढे वारस नोंदीसाठी खेपा, फेरफार, हरकती. साताऱ्याला दिलेली मावशी एसटीने रात्रभर प्रवास करून यायची आणि सकाळी कार्यालयाच्या पायरीवर बसलेली असायची. चार वर्षांनी सातबाऱ्यावर तिघींची नावं चढली. मी तेव्हा सहावीत होते. आईने तो उतारा घरी आणून देव्हाऱ्यासारखा टेबलावर ठेवला होता, एवढंच मला आठवतं. त्यामागचं सगळं तिने मला त्या शब्बाथच्या दुपारी पहिल्यांदा सांगितलं.

त्या पाच जणींमधलीच एक व्हायची, हे माझ्यापुरतं तिथेच ठरलं. महलाचा अर्थ काही जण आजाराशी जोडतात. होग्ला म्हणजे तितर पक्षी. मिल्का राणीशी नातं सांगते. नोआ तर नणंदेने सुचवलेलंच नाव. आणि शेवटची तिरसा, जिचं नाव मी कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

त्या रात्री शब्बाथ उतरल्यावर मी नणंदेला फोन केला. ती हसली आणि तिकडच्या उच्चारात म्हणाली, “तिर्त्सा? वहिनी, ते आज्यांचं नाव आहे. आमच्या इमारतीत एक आहेत, ऐंशीच्या पुढच्या. लहान मुलीचं मी अजून ऐकलेलं नाही.” आवडत नाही असं नव्हतं. पण चालीतून गेलेलं नाव आपण का घ्यावं, हा तिचा प्रश्न खरा होता. मी तिला म्हटलं, अर्थ तर सांग.

तिने जे सांगितलं त्यावर मी दोन दिवस विचार करत होते. धातू रात्सा. पसंत पडणं, मनाला येणं, इच्छा असणं. त्यातून रात्सोन, म्हणजे मर्जी. हा शब्द आम्हाला परका नाही. नव्याच्या सणाच्या रात्री खजूर, डाळिंब, दुधी, मधातलं सफरचंद असं एकेक समोर घेऊन आम्ही ‘येही रात्सोन’ म्हणतो, तुझी मर्जी असो. लहानपणापासून दरवर्षी मी हे शब्द म्हणत आले होते आणि मुलीचं नाव त्यातच दडलेलं होतं. नामकोशांतून तिर्त्साचा अर्थ ‘मनाजोगी’, ‘आनंद देणारी’ असा देतात. तेवढाच असता तर कदाचित मी पुढे गेले नसते. मुलीने कुणाच्या तरी मनाजोगं असावं, हे सांगायला नाव कशाला लागतं, ते तर तिला जन्मभर लोक सांगतच राहतात.

पण नणंद पुढे म्हणाली, “एक गंमत बघ. आमच्याकडे रोजच्या लिहिण्यात स्वरचिन्हं नसतात. ताव, रेश, त्सादी, हे. ही चार अक्षरं स्वराशिवाय लिहिली की तिर्त्सा वाचता येतं आणि तिर्त्से पण वाचता येतं. तिर्त्से म्हणजे ‘ती इच्छा करील’. क्रियापद आहे.”

ती इच्छा करील. माझ्या अंगावर काटा आला. तिसऱ्याच्या पसंतीला उतरणारी आणि स्वतः काही मागणारी, दोघी एकाच चार अक्षरांत. वाचणारा कुठला स्वर भरतो त्यावर. आणि त्या पाच बहिणींनी मंडपाच्या दारात केलं ते दुसरं काय होतं?

सासऱ्यांची शंका वेगळी होती. ते ठाण्याच्या शार हाशामाइम सिनेगॉगमध्ये लहानाचे मोठे झालेले, सगळं तोंडपाठ असलेला माणूस. “तिरसा हे शहराचं नावही आहे,” ते फोनवर म्हणाले. “आणि त्याचं बरं झालं नाही.” खरं आहे. राज्याचे दोन तुकडे झाल्यावर उत्तरेच्या राजांनी तिथे राजधानी केली. झिम्री नावाच्या राजाने सातच दिवस राज्य केलं आणि वेढा पडल्यावर राजवाड्याला आग लावून स्वतःला आत जाळून घेतलं. त्याच्यानंतरच्या ओम्रीने तिथून सहा वर्षं कारभार केला आणि मग शोमरोनची टेकडी विकत घेऊन राजधानी तिकडे हलवली. नाब्लुसच्या ईशान्येला तेल एल-फाराह नावाचं टेकाड आहे, तेच ते तिर्त्सा, असं तिथे उत्खनन करणाऱ्या रोलाँ द व्हो यांचं मत होतं.

मी त्यांना ऐकवलं ते गीतरत्नातलं, बायबलातल्या प्रेमकाव्यातलं. सहाव्या अध्यायाची चौथी ओळ. प्रियकर म्हणतो, तू तिर्त्सासारखी सुंदर आहेस, यरुशलेमसारखी देखणी. यरुशलेमच्या आधी तिर्त्सा! शहर जळलं, ओस पडलं, पण सौंदर्याची तुलना करायची वेळ आली तेव्हा कवीच्या ओठावर आधी तेच आलं. सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी ती पूर्ण ओळ हिब्रूत म्हटली, त्यांच्या जुन्या चालीत. मी समजले की त्यांचं झालं.

खरा घोळ उच्चाराचा. सासरे म्हणाले ‘तिरसा’. आमची जुनी माणसं त्सादी या अक्षराचा स करतात आणि मराठी बायबलातही तसंच छापलंय. नवऱ्याने इंग्रजीतून वाचलं, तिथे झेड, म्हणून तो म्हणाला ‘तिरझा’. आणि नणंद इस्रायलमधला उच्चार करते, त आणि स एका श्वासात. तो मला सुरुवातीला जमेना. मग एकदम लक्षात आलं की तो आवाज मी रोज दिवसातून शंभर वेळा काढते. ‘चार’ म्हणून बघा आणि मग ‘चोर’ म्हणून बघा. जीभ दोन वेगळ्या ठिकाणी लागते. चोर, चूल, चाक, चांदणं यांतला जो दातांवरचा च, तोच हिब्रूतला त्सादी. आपल्या मराठीने हा आवाज जपून ठेवलाय, लिहायला मात्र वेगळं अक्षर दिलेलं नाही. दोन्ही च एकाच खुणेने लिहायचे आणि ओळखायचं सवयीने. हिब्रूत स्वर सवयीने, मराठीत च सवयीने.

म्हणजे नाव मराठीत सरळ ‘तिरचा’ असं लिहिलं तर उच्चार अगदी बरोबर येतो, घरचा, दारचा म्हणताना येतो तसा. पण वाचणाऱ्याला ते नाव वाटत नाही, षष्ठी वाटते. धाकट्या मावशीला मी हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “तीरची म्हण ना मग. नवगावच्या तीरची. कुठून आलो आपण?” ही मावशी म्हणजे तीच, कागद घडी करून परत देणारी.

इतकं होऊनही दहाव्या दिवसापर्यंत नोआ मागे हटलं नव्हतं. नवऱ्याचं मन तिकडे होतं. त्याच्या बहिणीने सुचवलेलं, म्हणायला सोपं, आणि त्याच पाच जणींमधलं. तो म्हणायचा, “गोष्ट तीच आहे ना? मग दुसरीचं सोडून शेवटचीचं नाव का? तिरसाला तर यादीत सगळ्यात शेवटी टाकलंय.” आणि वेळ संपत आली होती. शनिवारी, अकराव्या दिवशी, त्याला तोरावाचनाला बोलावणार होते आणि तिथेच सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे हझानकाका मुलीसाठी आशीर्वाद म्हणून नाव जाहीर करणार होते. म्हणजे शुक्रवारी दिवेलागणीच्या आत त्यांना नाव कळवायचं होतं, कारण त्यानंतर शब्बाथ संपेपर्यंत फोन बंद.

शुक्रवारी दुपारी बाबा नेहमीप्रमाणे दुसऱ्या दिवशीचा भाग आधी वाचायला बसले. त्या आठवड्यात दोन भाग एकत्र होते, मत्तोत आणि मस्से. गणनेचं पुस्तक तिथे संपतं. मी बाळाला पाजत होते. बाबा शेवटच्या अध्यायापर्यंत आले, आणि थांबले. म्हणाले, “अगं, इकडे परत आल्यात या.”

छत्तिसाव्या अध्यायात त्या मुलींची गोष्ट पूर्ण होते. कुळातले पुढारी तक्रार घेऊन येतात, या मुली दुसऱ्या वंशात दिल्या तर जमीन तिकडे जाईल. मग अट पडते, त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावं. ही अट मला आवडत नाही. मिळालेल्या हक्काला लगेच कुंपण घातलं गेलं, आणि ते मी मुलीला मोठेपणी तसंच सांगणार आहे. पण त्या अटीच्या लगेच पुढे पाच नावं पुन्हा येतात आणि क्रम बदललेला असतो. महला, तिरसा, होग्ला, मिल्का आणि नोआ. दोघींनी जागा बदललेल्या. शेवटची दुसरी झालेली, दुसरी शेवटी गेलेली. बाबांनी राशी नावाच्या पंडिताचं भाष्य काढलं. अकराव्या शतकातला हा भाष्यकार म्हणतो, क्रम बदलला कारण पाचही जणी एकमेकींच्या तोडीच्या होत्या.

मी नवऱ्याला फोन लावला आणि दोन्ही याद्या वाचून दाखवल्या. तो ठाण्यात, बाहेर धो धो पाऊस, त्याचा आवाज तुटत होता. मी म्हटलं, कुणीच शेवटी नाही. तो थोड्या वेळाने म्हणाला, “अर्थ परत सांग. तो दुसरा.” मी म्हटलं, ती इच्छा करील. सहा वाजायला आले होते. त्याने तिथूनच हझानकाकांकडे माणूस पाठवला.

शनिवारी मी तिथे नव्हते, ओली बाळंतीण कुठे जाणार. नंतर कळलं ते असं. नवऱ्याला बोलावलं, त्याने आशीर्वाद म्हटले, आणि हझानकाकांनी त्यांच्या सेफार्दी परंपरेच्या प्रार्थनापुस्तकातला मुलीच्या नामकरणाचा भाग काढला. त्यात गीतरत्नातली कबुतराची ओळ असते, खडकाच्या कपारीतलं माझं कबुतर. पहिलीच मुलगी असली की आणखी एक ओळ म्हणतात, माझं कबुतर, माझी निष्कलंक, एकमेव. ही दुसरी ओळ सहाव्या अध्यायातली आहे, तिर्त्साच्या ओळीपासून पाच ओळी खाली. हझानकाकांनी ती म्हणताना मान वर करून सासऱ्यांकडे पाहिलं म्हणे. सासरे डोळे मिटून उभे होते.

रविवारी बारसं. तम्मूझ महिन्याच्या मध्यापासून बिरड्याच्या सणापर्यंतचे तीन आठवडे आमच्याकडे शोकाचे, मंदिराच्या पाडावाची आठवण म्हणून. त्यामुळे गाणीबजावणी नाही. घुगऱ्या, नारळाच्या वड्या, आणि पाळण्याला झेंडूची एकच माळ. माझ्या दोन्ही मावश्या आल्या होत्या. आई आणि त्या दोघी मिळून तिघींनी पाळण्याची दोरी धरली.

आत्या अश्दोदला. तिकडची वेळ अडीच तास मागे, तिच्याकडे सकाळचे साडेआठ. फोनवर ती नटून बसलेली, केसात गजरा. तिकडे कुठून मिळाला विचारलं तर म्हणाली, बाल्कनीत मोगरा लावलाय. मी फोन बाळाच्या कानाशी नेला. फोन गरम झाला होता म्हणून दुपट्याचं टोक मध्ये धरलं. नोआ हवं असलेल्या माझ्या नणंदेने तीन वेळा अगदी हळू ‘तिर्त्सा’ म्हटलं, मग मोठ्याने कुर्र केलं. लेक दचकली, हात पसरले, आणि मोठी मावशी पटकन म्हणाली, “बघ, मागतेय.”

सोमवारी बाबा आणि नवरा जन्मनोंदणीला गेले. नाव नसतानाही जन्माची नोंद होते, आणि वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येतं, उशिरा शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंतही. आम्हाला थांबायचं नव्हतं. खिडकीपलीकडच्या बाईंनी नाव तीनदा विचारलं. पहिल्यांदा त्यांनी तीर्था लिहिलं, दुसऱ्यांदा तृषा. बाबांनी कागदावर लिहून दिलं, तिर्त्सा, त ला स जोडून. कुठलं नाव, असं त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, “इब्री. उच्चार चुलीतल्या च चा.” बाईंनी एकदा म्हणून पाहिलं आणि बरोबर म्हटलं. इंग्रजीत आम्ही टी, एस, शेवटी ए असं घेतलं. झेड नाही.

सासऱ्यांनी पुढच्या आठवड्यात लाल वही घेऊन पनवेल गाठलं. माझ्या नवऱ्याच्या नावाखाली रेघ काढली आणि हिब्रूत चार अक्षरं लिहिली, स्वरचिन्हं न देता. मी त्यांना चिन्हं देऊ नका अशी विनंती केली होती. खाली देवनागरीत त्यांनी त्यांच्या सवयीने ‘तिरसा’ लिहिलं. ते तसंच राहू दिलं.

जन्मदाखल्याच्या दोन प्रती आणल्या होत्या. एक आमच्याबरोबर ठाण्याला आली. दुसरी आईने मागून घेतली. कपाटातली निळी प्लास्टिकची फाइल काढली, त्यात वाडीचा सातबारा आहे, तिघींच्या नावांचा. त्याच्या मागच्या खिशात तिने दाखला सरकवला आणि फाइलचं बटण दाबून बंद केलं.